कानामागचे यंत्र आणि विम्याची कलमे

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळचा तो 'बीमा', आणि त्याच्या मुळाशी 'बीम' म्हणजे भय. भयातून निघालेला हा व्यवहार आहे, पण त्याचा हिशेब मोठा थंड डोक्याचा असतो. हजार घरांपैकी वर्षभरात एखाद्या घराला आग लागते हे अनुभवाने कळते. ते घर कोणाचे, हे मात्र कोणालाच कळत नाही. म्हणून हजार घरवाले थोडाथोडा पैसा एका ठिकाणी टाकतात आणि ज्याचे घर जळते त्याच्या हाती तो पडतो. आपले घर वाचले आणि पैसे फुकट गेले, म्हणून उरलेले नऊशे नव्याण्णव रडत बसत नाहीत. विमाशास्त्र म्हणून जे काही आहे ते ह्या एका हिशेबाचा विस्तार होय. मात्र तो हिशेब बसण्यास एक गोष्ट अवश्य लागते : संकट कोणावर येणार हे अगोदर ठाऊक असता कामा नये. जळत्या घराचा विमा कोणी उतरत नाही.

हे प्रास्ताविक करण्याचे कारण असे की, आज ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे तेथे हीच अट पदोपदी आडवी येते. ज्याला मुळीच ऐकू येत नाही अशा मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या कानात शस्त्रक्रिया करून बसवावयाचे जे यंत्र, त्याचा खर्च विम्यातून किती मिळतो, कोठवर मिळतो आणि कोठे थांबतो, हा तो विषय. ह्या यंत्रास 'कॉक्लिअर इम्प्लांट' म्हणतात. आता तालुक्याच्या गावच्या शाळेतही कानामागे काळा वा बदामी तुकडा आणि केसांत चिकटलेली वाटोळी चकती असलेले एखादे मूल दिसते. 'त्याला कानाचे मशीन लावले आहे,' एवढे लोकांना माहीत असते. पण ते मशीन नेमके काय आहे हे समजल्यावाचून त्यावरून होणारी विम्याची भांडणे समजावयाची नाहीत. म्हणून प्रथम यंत्राकडे वळू.

आपल्या कानाचा जो भाग बाहेरून दिसतो तो केवळ दरवाजा होय. खरे ऐकणे घडते ते पुष्कळ आत, गोगलगाईच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या आणि वाटाण्याएवढ्या एका अवयवात. ह्या शंखात द्रव भरलेला असतो आणि त्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी रांगेने बसलेल्या असतात. एका कानात त्या सुमारे पंधरा हजार. ध्वनीने द्रव हलला की हे केस हलतात, त्यातून विजेचा अतिसूक्ष्म संदेश उठतो आणि मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. ह्या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोणाच्या त्या जन्मतःच निकामी असतात, कोणाच्या मेंदूज्वराने जातात, कोणाच्या काही औषधांच्या दुष्परिणामाने.

साधे श्रवणयंत्र काय करते? ते आवाज मोठा करते. पेशी थोड्याफार शिल्लक असतील तर त्याचा उपयोग होतो. पण पत्र पोहोचवणारा पोस्टमनच नसेल तर पत्र मोठ्या अक्षरांत लिहून काय लाभ? कॉक्लिअर इम्प्लांट ह्या मेलेल्या पोस्टमनला वगळून निराळ्या वाटेने पत्र पोहोचवते. कानामागच्या तुकड्यात मायक्रोफोन आणि एक छोटा गणकयंत्राचा मेंदू असतो. त्याला 'प्रोसेसर' म्हणतात. तो ध्वनी टिपून त्याचे विद्युत्संकेतांत रूपांतर करतो. ते संकेत वायरीतून डोक्यावरच्या चकतीत, म्हणजे 'कॉइल'मध्ये जातात. चकती लोहचुंबकाने कातडीला चिकटलेली असते आणि कातडीखाली हाडाच्या खोबणीत बसवलेल्या दुसऱ्या तुकड्याला ती बिनतारी लहरींनी संदेश देते. त्या आतल्या तुकड्यापासून निघालेली तार शंखाच्या वेढ्यांत सरकवलेली असते, आणि तिच्यावरचे बारा ते बावीस विद्युत्बिंदू मज्जातंतूला थेट चेतवतात. पंधरा हजार पेशींचे काम बावीस बिंदू करतात! लॉस एंजलिसच्या विल्यम हाऊस ह्यांनी १९६१ मध्ये असे पहिले प्रयोग केले. अनेक बिंदूंचे यंत्र मेलबर्नच्या ग्रॅहॅम क्लार्क ह्यांनी १९७८ मध्ये बसवले. आपल्याकडे १९९०च्या दशकात ही शस्त्रक्रिया रुजू लागली आणि तिच्या आरंभीच्या प्रमुख शल्यवैद्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने ह्यांचे नाव घ्यावे लागते.

आता विम्याच्या दृष्टीने जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ती अशी की, हे यंत्र एक नसून दोन आहेत, आणि त्यांची आयुष्ये अगदी भिन्न आहेत. कातडीखालचा भाग सामान्यतः दहा वर्षांच्या हमीचा असतो, आणि तो प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक टिकतो. तो जन्मभर पुरावा अशीच अपेक्षा असते. बाहेरचा प्रोसेसर मात्र घामात, धुळीत, पावसात आणि मुलाच्या दंग्यात राहतो. त्याची हमी तीन ते पाच वर्षांची. पाच-सात वर्षांत तो थकतो, आणि तो थकण्याअगोदर कारखान्याने त्या नमुन्याचे सुटे भाग बनवणे बंद केले तर वेळेआधीच कुचकामी ठरतो. वायर तुटते, कॉइल बिघडते, बॅटऱ्या उतरतात, मायक्रोफोनवरची जाळी बदलावी लागते. कोकणातल्या पावसाळ्यात तर रोज रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबीत घालून ठेवावे लागते. ही यंत्रे बहुतांशी परदेशांतून येतात, त्यामुळे रुपया घसरला की वायरही महागते. पहिल्या शस्त्रक्रियेचा एकूण खर्च यंत्रासह सहा-सात लाखांपासून त्याच्या दुपटीपर्यंत आणि पुढेही जातो. नव्या प्रोसेसरची किंमतही लाखांतच मोजावी लागते.

बाहेरचा तुकडा बंद पडला की आतला तुकडा तसाच शाबूत असून मूल त्याच क्षणी पूर्ण बहिरे होते. चष्मा फुटला तर अंधुक का होईना दिसते. येथे तसे काही उरत नाही. आणि ऐकण्यातला खंड मोठ्या माणसाला जेवढा बाधतो त्याहून लहान मुलाला कितीतरी अधिक बाधतो. मेंदूत भाषेची वाट आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच बांधली जाते. म्हणून यंत्र लवकर बसवावे, आणि बसवल्यावर वर्षानुवर्षे वाचा-श्रवण शिक्षकाकडे नेऊन मुलाला ऐकावयास शिकवावे, असे तज्ज्ञ सांगतात. शस्त्रक्रियेने आवाज मिळतो. त्या आवाजाची 'आई' आणि 'पाणी' व्हावयास दोन-तीन वर्षांचे शिक्षण लागते. हे शिक्षणही फुकट होत नाही. (सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व समृद्ध भाषा आहे, आणि यंत्राविनाही कर्णबधिर माणसे भरलेले आयुष्य जगतात, हे आम्हांस ठाऊक आहे. येथे विचार चालला आहे तो ज्यांनी यंत्राची वाट धरली त्यांचा.)

एवढे समजल्यावर विम्याच्या करारापाशी येऊ. करार लिहिणारा पहिला प्रश्न विचारतो : ही वस्तू कोणत्या जातीची? ती चष्म्यासारखे वापरावयाचे साधन आहे, की कृत्रिम पायासारखा शरीराचा भाग? प्रश्न शब्दच्छलासारखा वाटतो, पण लाखो रुपये त्यावरच ठरतात. अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे वृद्धांसाठी 'मेडिकेअर' ही सरकारी विमायोजना करणारा कायदा १९६५ साली झाला. त्या कायद्यातच चष्मा आणि श्रवणयंत्र ह्यांचा खर्च मिळणार नाही असे कलम आहे. पुढे कॉक्लिअर इम्प्लांट निघाले तेव्हा हे कलम त्याला लागू करावयाचे काय असा प्रश्न आला. उत्तर असे दिले गेले की, श्रवणयंत्र आवाज वाढवते, पण हे यंत्र शरीरातील एका निकामी अवयवाचे काम स्वतः करते; सबब ते कृत्रिम अवयव होय. ह्या एका निर्णयाने दरवाजा उघडला. मंजूर खर्चाचा ऐंशी टक्के भाग योजना सोसते. आणि एकदा वस्तू कृत्रिम अवयव ठरली की ती झिजली, हरवली वा दुरुस्तीपलीकडे गेली तर बदलून देणे हेही ओघानेच येते : प्रोसेसरचे उपयुक्त आयुष्य पाच वर्षे धरून पुढे नवा मंजूर होतो. २०२२ च्या सप्टेंबरात पात्रतेची अटही सैल झाली. पूर्वी श्रवणयंत्र लावून शंभरांपैकी चाळीसपर्यंतच शब्द ओळखणारा रुग्ण पात्र होता, आता साठपर्यंत ओळखणाराही पात्र ठरतो.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथे यंत्र राष्ट्रीय आरोग्य सेवा देते, आणि त्याची निगा त्याच सेवेच्या केंद्राकडे राहते. दुरुस्ती आणि कालांतराने नवा प्रोसेसर ही केंद्राची जबाबदारी. मुलांच्या दोन्ही कानांत यंत्र बसवावे अशी शिफारस तेथे २००९ मध्येच झाली. तरीसुद्धा यंत्र हरवले तर काय, ह्यासाठी घरच्या विम्यात त्याची नोंद करून ठेवा, असा सल्ला तेथील केंद्रे देत असतात. म्हणजे जेथे सरकार सारे काही देते तेथेही हरवण्याची भीती शिल्लक उरते.

आपल्याकडे इस्पितळाच्या खर्चाचा 'मेडिक्लेम' विमा १९८६ साली सुरू झाला. तो करार मुळात ज्वर, अपेंडिक्स, हाड मोडणे अशा आजारांकरिता लिहिलेला. माणूस इस्पितळात जातो, बरा होतो, घरी येतो, आणि कंपनीचा संबंध संपतो. जे उपकरण घरी नेऊन आयुष्यभर वापरावयाचे त्याला ह्या आराखड्यात जागाच नाही. म्हणून पुष्कळ पॉलिसींच्या अपवादांत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र ही तिन्ही एका ओळीत सापडतात, आणि काहींत तर त्याच ओळीत कॉक्लिअर इम्प्लांटचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. तसे लिहिलेले असेल तर वाद उरत नाही. लिहिलेले नसेल तेथे मात्र वादाला जागा आहे, आणि विमेदाराने तेथे मागे हटू नये असे आमचे मत आहे. शस्त्रक्रिया करून हाडात बसवलेली वस्तू 'श्रवणयंत्र' कशी? हृदयात बसवलेल्या पेसमेकरला कोणी मनगटावरचे घड्याळ म्हणत नाही. परंतु येथेही एक गाठ आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांनी, जखम भरल्यावर, बाहेरचा प्रोसेसर जोडून यंत्र सुरू करतात. तेव्हा मूल इस्पितळातून केव्हाच घरी आलेले असते. 'शरीराबाहेर वापरावयाची टिकाऊ उपकरणे वगळली आहेत' असे जे आणखी एक कलम बहुधा असते, त्यावर बोट ठेवून कंपनी म्हणू शकते की आतला तुकडा मान्य, बाहेरचा अमान्य. अर्धे यंत्र मंजूर करणे म्हणजे सायकलचे एकच चाक देण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच, दोन्ही भाग एकाच अंदाजपत्रकात व एकाच संचाच्या किंमतीत दाखवून, कंपनीची लेखी संमती घेणे हा ह्यावरचा व्यवहारी उपाय होय.

दुसरी अडचण जन्माची. जन्मजात दोषांचे विमा करारांत दोन वर्ग केलेले असतात : बाहेरून दिसणारे आणि आतले. आतल्या कानाचा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून तो आतल्या वर्गात मोडतो, आणि ह्या वर्गाला पुष्कळ पॉलिसींत काही वर्षांच्या प्रतीक्षेनंतर संरक्षण मिळते. अनेकदा मूल तीन महिन्यांचे झाल्यावर ते पॉलिसीत घेतले जाते. तोपर्यंत दोष उघड झालेला असेल तर तो 'आधीपासूनचा आजार' ठरतो. अशा आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे, पूर्वी ती चार वर्षे असे. मोठ्या माणसाच्या मधुमेहाला तीन वर्षे थांबवणे एक, आणि ज्या मुलाचे भाषेचे वय पहिल्या तीन वर्षांतच निघून जाते त्याला थांबवणे अगदी दुसरे. आनुवंशिक विकार म्हणून नव्या पॉलिसींत सरसकट अपवाद घालू नये असे विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये कंपन्यांना बजावले, ही जमेची बाजू. कारण जन्मजात बहिरेपणात आनुवंशिक कारणांचा वाटा मोठा असतो. नोकरीच्या ठिकाणी जो समूहविमा असतो त्यात प्रतीक्षेची अट बहुधा नसते आणि नवजात बाळही पहिल्या दिवसापासून धरले जाते. अशा पॉलिसींत कॉक्लिअर इम्प्लांटला ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम ठेवलेलीही आढळते. तेव्हा आईबापांपैकी कोणी नोकरीत असेल तर प्रथम तेथली पॉलिसी चाळावी.

ह्याच नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि ते उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे सांगितले. त्या यादीत मेंदूच्या गाभ्यात विद्युत्तार बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. कानाच्या शंखात विद्युत्तार बसवण्याची नाही! ह्या निवडीमागचे तर्कशास्त्र आम्हांला तरी उलगडलेले नाही.

मोठ्या माणसांचा प्रश्न थोडा निराळा, आणि त्याकडे लक्ष कमी जाते. पॉलिसी चालू असता मेंदूज्वर झाला आणि त्यात दोन्ही कान गेले, तर तो आधीपासूनचा आजार नव्हे. नवा आजार व त्याचा परिणाम होय, आणि विमेदाराची बाजू बळकट असते. मात्र मेंदूज्वरानंतर कानाच्या शंखात हाड वाढू लागते, आणि काही आठवड्या-महिन्यांतच तार सरकवण्याची वाट बुजू शकते. कंपनीशी पत्रव्यवहार करीत वर्ष घालवण्याची ही वेळ नव्हे. कंपनीने नकार दिला तर तो कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. तोंडी नकाराला काही अर्थ नसतो. कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईस व पुण्यास आहेत, फी नाही, वकील लागत नाही. अट एवढीच की कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत गेले पाहिजे.

येथवर झाली ती पहिल्या दिवसाची गोष्ट. बसवलेल्या यंत्राच्या बाहेरच्या भागाचे पुढे काय? त्यासाठी आरोग्यविम्याकडे न पाहता वस्तूंच्या विम्याकडे पाहावे लागते. दागिने, कॅमेरा अशा किंमती व फिरत्या वस्तूंकरिता सर्वसाधारण विमा कंपन्यांची 'ऑल रिस्क' पॉलिसी असते, आणि तीत प्रोसेसरची नोंद करता येते. नाव 'सर्व जोखीम' असे असले तरी सर्व जोखमी तीत येत नाहीत. चोरी, आग, अपघाताने पडून फुटणे हे येते. झीज येत नाही. आपोआप झालेला विद्युत् बिघाड सामान्यतः येत नाही. आणि 'कोठे गेले कळत नाही' अशा प्रकारे हरवणे पुष्कळ करारांत वगळलेले असते. लहान मुलांची यंत्रे तर बहुधा अशीच हरवतात! गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या बसमध्ये, खेळाच्या मैदानावर चकती निसटते आणि घरी आल्यावर ध्यानात येते. म्हणून पॉलिसी घेताना हा एक प्रश्न प्रथम विचारावा, आणि उत्तर कागदावर घ्यावे.

ह्या पॉलिसींतले आणखी एक कलम भल्याभल्यांना फसवते. त्याला सरासरीचे कलम म्हणतात. समजा, प्रोसेसरची आजची किंमत चार लाख आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी आपण तो दोन लाखांचाच दाखवला. पुढे कॉइल व वायर मिळून चाळीस हजारांचे नुकसान झाले. आपण म्हणतो, दोन लाखांच्या आत आहे, पुरे मिळेल. कंपनी म्हणते, तुम्ही अर्ध्याच किंमतीचा विमा उतरला, म्हणजे अर्धी जोखीम तुम्ही स्वतः पत्करली. सबब वीस हजार घ्या. कंपनीचे म्हणणे कायद्याने बरोबर असते. त्याचप्रमाणे भरपाई नव्या वस्तूच्या किंमतीने मिळणार की घसारा वजा करून, हेही पाहावे. पाच वर्षांच्या प्रोसेसरचा घसारा वजा केल्यावर हाती पडणाऱ्या रकमेत नवा येत नाही. यंत्राचा क्रमांक, खरेदीची पावती आणि चोरी झाल्यास पोलिसांतील नोंद ही तीन कागदपत्रे जवळ असल्यावाचून ह्या कामी पाऊल पुढे पडत नाही.

सरकारी मदतीची हकीकत ह्याहून आशादायक आहे, पण तीही पहिल्या दिवसापाशीच अडखळते. केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेत २०१४ पासून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळू लागले. त्या वेळी एका यंत्रामागे सहा लाखांची मर्यादा होती. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची अट एक ते पाच वर्षे. बोलणे शिकल्यावर ऐकणे गेले असेल तर अठरा वर्षांपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे, ती अर्जाच्या वेळी पाहून घ्यावी. सारे काम मुंबईतील वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेला ज्यांचे नाव दिले ते अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. बालकांची तपासणी करून जन्मजात बहिरेपणासह तीस विकार हुडकणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभही २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच झाला. अठरा वर्षांवरील माणसाला मात्र ॲडिपमध्ये इम्प्लांट नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखालची 'निरामय' विमायोजना आहे, पण ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता ह्यांपुरती. केवळ बहिरेपण तीत येत नाही.

तमिळनाडू व केरळ ह्या राज्यांनी स्वतःच्या योजनांतून हजारो मुलांच्या कानांत यंत्रे बसवली. आणि तेथेच पुढची अडचण प्रथम दिसली : मुले मोठी झाली, हमी संपली, जुन्या नमुन्यांचे भाग मिळेनासे झाले, आणि मजुरी करणारे आईबाप लाखोंचा प्रोसेसर कोठून आणणार? केरळने जुने प्रोसेसर बदलून देण्याचे कामही अंगावर घेतले. तरी त्यात पैशाची व वेळेची ओढाताण झाल्यावाचून राहिली नाही. सहाव्या वर्षी मराठी, मल्याळी वा तमिळ बोलू लागलेले मूल बाराव्या वर्षी एका वायरीसाठी गप्प बसते. सरकारने त्याच्यावर केलेला पहिला खर्चही त्याबरोबर बुडतो, हे खजिन्याच्या भाषेत सांगितलेले बरे.

विमा कंपन्या ह्या दुसऱ्या खर्चाला का भीत असाव्यात, हे आता आरंभीच्या हिशेबावरून सांगता येईल. प्रोसेसर सहा-सात वर्षांनी बदलावा लागणार हे निश्चित आहे. निश्चित खर्चाचा विमा होत नाही. त्याची बचतच करावी लागते. केवळ यंत्रधारक मुलांनाच एकत्र करून विमा काढला तर प्रत्येकाचा हप्ता म्हणजे जवळजवळ प्रोसेसरची पूर्ण किंमतच झाली, वर कंपनीचा खर्च निराळा. २०२३ मध्ये नियामकाने प्रत्येक कंपनीस अपंग व्यक्तींकरिता पॉलिसी काढणे सक्तीचे केले, ते योग्यच झाले. पण आजारी तेवढेच एका टोपलीत घातले तर हप्ता हलका व्हावा कसा?

हिशेब बसतो तो टोपली मोठी केल्यावर, आणि तीही मूल बहिरे आहे हे कळण्याच्या आधी. हजार बाळंतपणांत एक-दोन मुले गंभीर श्रवणदोष घेऊन येतात. समजा दोन धरली, आणि शस्त्रक्रिया, पुढचे दोन प्रोसेसर, किरकोळ दुरुस्त्या व शिक्षण मिळून प्रत्येकामागे वीस लाख धरले. चाळीस लाख झाले. हजार जन्मांवर वाटले तर प्रत्येकी चार हजार रुपये, म्हणजे मध्यमवर्गीय घरच्या बारशाच्या खर्चाहून कमी. ह्या चार हजारांतून जे नऊशे अठ्ठ्याण्णव जण काही घेणार नाहीत ते अग्निविम्याच्या घरवाल्यांप्रमाणेच निर्धास्त असतील. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, विमागणिती त्यांत फेरफार करील. पण फेरफाराने चित्र बदलावयाचे नाही. हे काम कंपनीने करावे, राज्याच्या आरोग्य योजनेने करावे की जन्मनोंदणीबरोबर एखादा निधी काढून करावे, ह्याविषयी मतभेद होतील. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, इतर कोणत्याही योजनेत न बसणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी व्यापक विमायोजना करण्याचे कर्तव्य शासनाच्या कर्तव्यांतच मोजलेले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

अशा योजनेला एक पूर्वतयारी मात्र लागते, आणि ती पैशाची नाही. मूल बहिरे आहे हे पहिल्या महिन्यात कळले पाहिजे. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानशी नळी ठेवून, शंखातून परत येणारा क्षीण प्रतिध्वनी मोजणारी तपासणी काही मिनिटांत होते. बाळ रडतही नाही. पहिल्या महिन्यात ही तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपायांना आरंभ, असा जगभर मान्य झालेला क्रम आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत मूल दोन-अडीच वर्षांचे होईतो 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून वाट पाहिली जाते. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी बाळंतपणासाठी नाव नोंदवताना ही तपासणी तेथे होते काय एवढे विचारावे, आणि होत नसेल तर ती कोठे होते ते जिल्हा रुग्णालयात विचारून ठेवावे.